मी एकटीनं केलं

परवा दुपारी आईचा फोन आला. पऱ्हाटी फुटली, सोमवारपासून कापसाची वेचणी लावली, म्हणाली. यंदा बोंडं चांगली भरलीत, पण वेचायला बाया मिळत नाहीत, त्यामुळे घरचेच सगळे वावरात. "तुही वहिनी तं सकाळी सातलेच निघते," आई सांगत होती. मी "हो, हो" म्हणत होते आणि माझ्यासमोर टेबलावर नवा लॅपटॉप उघडा होता. ऑफिसनं दिलेला, पूर्ण कोरा. त्यात प्रोग्रामिंगसाठी लागणारं सगळं मला आता टाकायचं होतं.

हे काम मी आजवर चार वेळा केलं आहे. ऑफिसात कुणी नवं आलं की त्याच्या संगणकाजवळही मलाच बसवतात. माझ्या हातांना एक क्रम पाठ आहे. एक वस्तू टाकायची, ती चालते का पाहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. दहा गोष्टी एकदम टाकल्या आणि बिघडलं, तर कोणती बिघडली ते कळत नाही. नवी पोरं विचारतात, मॅडम, हे कुठं शिकलात? मी म्हणते, सवयीनं येतं.

सवयीनं आलेलं नाही. मला ते अर्चनावहिनीनं शिकवलं. यवतमाळ जिल्ह्यात नेरच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथल्या घरात, कापसानं भरलेल्या खोलीत, अशाच एका वेचणीच्या हंगामात. त्या हंगामाची आठवण आली की माझी मान आपोआप खाली जाते. समोर कुणी नसलं तरी.

ज्यांनी कापसाचं घर पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. वेचणी सुरू झाली की आमच्या घराची पुढची खोली माणसांची राहत नाही. पहिल्या दिवशी वावरात दहीभात ठेवून पूजा होते आणि त्याच संध्याकाळपासून खोलीत कापूस यायला लागतो. आधी कोपऱ्यात, मग पलंगाच्या उंचीपर्यंत, मग खिडकीच्या वर. दिवाळी सरता सरता खिडकीचं दार उघडत नाही. त्या ढिगाला सरकीचा, किंचित तेलकट असा उबदार वास असतो. अंगाला बारीक खाज सुटते. जेवताना ताटात तूस सापडतं, केसांत सापडतं, देवाच्या दिव्यात सापडतं. लहानपणी मी त्या ढिगावर उड्या मारायचे आणि बाबा ओरडायचे. पाच वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात मी तेवीस वर्षांची होते आणि त्याच खोलीत, ढिगाच्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत टेबल लावून बसले होते. घरात टेबल ठेवायला दुसरी जागा नव्हती.

मी अमरावतीला इंजिनिअरिंग करून वर्षभर घरी बसलेली. लग्नाकार्यात बाया विचारायच्या, "काय करून राह्यली आता पोट्टी?" आणि आई विषय बदलायची. अशात नागपूरच्या एका कंपनीत माझी निवड झाली. पहिले तीन महिने घरून काम, संगणक स्वतःचा, आणि रुजू व्हायच्या दिवशी तो कामासाठी तयार हवा, असं त्यांनी कळवलं. काय काय टाकायचं त्याची यादी पाठवली. बाबा यवतमाळला जाऊन लॅपटॉप घेऊन आले. एसटीत मांडीवर धरून आणला. घरी आल्यावर त्यांनी तो आधी देवासमोर ठेवला, मग माझ्या हातात दिला. "घे," म्हणाले. एवढंच.

यादीतलं एकही मी आधी स्वतः टाकलं नव्हतं. कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक कुणीतरी तयार करून ठेवलेले असायचे; आम्ही जाऊन फक्त बसायचो. इथं सगळं मुळापासून होतं. आमच्या खोलीत मोबाइलला रेंजही नव्हती. तीन दिवस मी खटपट केली. अर्धं उतरायचं आणि तुटायचं. जे उतरायचं ते चालायचं नाही. लाल अक्षरांत इंग्रजी ओळी यायच्या, मी त्या वाचायचे आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. दादा वावरातून येता येता विचारायचा, "झालं का नीलू?" आणि मी म्हणायचे, "होऊन राह्यलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप आपटून बंद केला. वहिनी दारात उभी होती. हाताला कणीक होती.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "ते टाकलं, पण कोठी टाकलं ते कंप्युटरले सांगतलं का? पाथमंधी?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

वहिनी फुलसावंगीची. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती बीसीए झाली होती आणि लग्नाआधी वर्षभर महागावला एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे स्थळ पाहताना कागदावर लिहून आलेलं वाचलं होतं. नंतर ती घरात आली, पहाटे उठायला लागली, डबे बांधायला लागली, कमरेला कापसाची ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायला लागली आणि ते कागदावरचं मी विसरून गेले. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी तिला 'तू' म्हणायचे, ती मला 'तुमी'. यातही मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि स्टुलावर बसली. मी तीन दिवसांत टाकलेलं सगळं तिनं आधी काढून टाकलं. मला ते जिवावर आलं. "राहू दे ना थोडं," मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही ताई. खालची वीट वाकडी असली तं वरच्या कितीक सरळ लावसान?"

पुढचे चार दिवस आठवले की मला सुखही होतं, म्हणून जास्त लाज वाटते. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ यायची. प्रत्येक मोबाइलला दिवसाला ठरावीक डेटा. वहिनीनं घरातले चारही फोन गोळा केले. बाबांचा, दादाचा, तिचा, माझा. टाकीच्या कठड्यावर ओळीनं मांडले. एकाचा डेटा संपला की दुसरा. बाबांना दोन दिवस बातम्या पाहता आल्या नाहीत, पण ते काही बोलले नाहीत. उन्हात पडद्यावरची अक्षरं दिसत नसत, म्हणून वहिनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून लॅपटॉपवरही धरायची आणि आम्ही दोघी त्या पदराच्या सावलीत डोकं घालून पाहायचो, किती टक्के झालं. खाली वावराकडे पाहिलं तर पऱ्हाटीतून बाया सरकताना दिसायच्या, पाठी वाकलेल्या, ओट्या फुगलेल्या. वहिनी सकाळी त्यांच्यातच असायची. अकराला घरी येऊन स्वयंपाक करायची, आणि दुपारचा जो तासभर तिला पडायला मिळायचा, तो ती मला द्यायची.

ती बोलताना वेगळी दिसायची. एरवी घरात तिचा आवाज ऐकू येत नसे. इथं ती मला थांबवायची, परत करायला लावायची. "लाल अक्षरं पाहून भ्याचं नाही ताई. ते शिव्या नाही देऊन राह्यलं, काय पाहिजे ते सांगून राह्यलं. शेवटची ओळ वाचा." आजही मी ऑफिसात नव्या पोरांना हेच वाक्य सांगते. फक्त ते माझं म्हणून सांगते.

चौथ्या दिवशी सगळं जागेवर बसलं. बसलं की नाही ते पाहायला छोटासा प्रोग्राम चालवतात. वहिनीनं तो लिहिला. तो नाव विचारायचा आणि नाव दिलं की राम राम करायचा, मराठी अक्षरांत. तिनं आईला हाक मारली. आई चौथी शिकलेली. पडद्यावर आलं, 'राम राम, शांताबाई.' आईनं बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तोंडावर पदर घेऊन हसली. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. वहिनी उठली, मी तिच्या जागेवर सरकले, आणि दादा डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन खोलीत आला.

"कोणं केलं हे?"

"नीलूनं," आई म्हणाली. तिनं मला समोर बसलेलं पाहिलं होतं.

दादानं गाठोडं ढिगावर टाकलं. घाम पुसला. "एकटीनं?"

वहिनी दाराच्या चौकटीत थांबली होती. मला ती दिसत होती.

"हो," मी म्हणाले.

त्या एका शब्दाला किती वेळ लागतो? पण वर्षभरानं पहिल्यांदा माझ्या भावानं माझ्याकडे तसं पाहिलं होतं, आणि ती नजर मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. एवढंच खरं कारण आहे. त्याला मी पुढे पुष्कळ पोशाख चढवले: ऐन वेळी सुचलं नाही, नंतर सांगणारच होते, वहिनीलाही त्याचं काही वाटलं नसेल. वहिनी आत गेली आणि उतू गेलेलं दूध पुसायला लागली.

बाबांनी ती गोष्ट गावभर सांगितली. पारावर, कापूस मोजायला आलेल्या माणसाला, घाटंजीच्या आत्याला फोनवर. "अख्खं कंप्युटर एकटीनं उभं केलं पोरीनं. कोणाले काही विचारलं नाही." मी ऐकत राहिले. खोटं पहिल्यांदा बोलावं लागतं. नंतर नुसतं गप्प बसलं तरी भागतं.

सोमवारी मी रुजू झाले. काम सुरू झालं. खोली कापसानं भरत चालली आणि माझी चिंचोळी जागा आणखी चिंचोळी झाली. कामाच्या वेळी खोलीत कुणी यायचं नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. वहिनी चहाचा कप दारातून आत सरकवायची. कधी ती क्षणभर थांबून पडद्याकडे पाहायची, आणि मी खांदा किंचित वळवायचे.

महिनाभरानं एका दुपारी गच्चीवर मी कपडे काढत होते. वहिनी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन वर आली. ती शेंगा पसरायला बसली, पण पसरत नव्हती.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"म्या एका कंपनीत फॉर्म भरलता. घरूनच काम हाय. रविवारी परीक्षा हाय त्याईची, अकरा ते एक. मोबाइलवर होत नाही, कॅमेरावालं कंप्युटर लागते." तिनं शेंग उचलली आणि परत ठेवली. "दोन तास तुमचा लॅपटॉप भेटन का?"

रविवारी मला सुट्टी असायची. लॅपटॉप नुसता पडून असायचा. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मला काय वाटलं ते मी इथं लिहिणार आहे, कारण ते लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, ही पास होईल. ही माझ्याहून चांगली आहे आणि ही पास होईल. मग घरात दोन जणी कंप्युटरवाल्या होतील, आणि कुणीतरी विचारेल, मग नीलूचं ते सगळं कुणी केलं होतं?

"नाही जमत वहिनी," मी म्हणाले. "कंपनीनं त्याच्यात त्यांचं सॉफ्टवेअर टाकलं हाय. दुसऱ्या कोणी हात लावला तं त्याईले तिकडं दिसते. माह्या नोकरीचा प्रश्न हाय."

असं काही नव्हतं. कंपनीनं एक अक्षरही त्यात टाकलं नव्हतं.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "बरं," म्हणाली, आणि शेंगा पसरायला लागली.

रविवारी दादा तिला मोटारसायकलवर नेरला घेऊन गेला. तिथं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान होतं, त्याच्याकडे कॅमेऱ्याचा संगणक होता. ती चांगली साडी नेसून गेली होती, कॅमेऱ्यात दिसायचं म्हणून. मी घरी होते. लॅपटॉप टेबलावर होता, आणि मी तो उघडलासुद्धा नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी उगाच कपाट आवरलं.

ते दीड वाजता परत आले. "लाईन गेली," दादा चपला काढताना म्हणाला. "अर्धा तास झाला आन् गेली. इन्व्हर्टर नाही त्या दुकानात. आली तं परीक्षा बंद झालती." वहिनी आत गेली, साडी बदलून आली, ओटी बांधली आणि वावराकडे निघाली. आईनं म्हटलं, "जेवून तं घे व." ती म्हणाली, "भूक नाही." दादा माझ्याकडे वळून, मला धीर द्यावा तसं म्हणाला, "तू काय करशीन? कंपनीचा नियम हाय."

त्यानंतर मी नागपूरला आले. पगार वाढला, पद वाढलं. वहिनीनं पुन्हा फॉर्म भरला की नाही, मी विचारलं नाही. तिला मुलगी झाली. मी खेळणी पाठवली, कपडे पाठवले. लाजेचं असं आहे की ती रोज टोचत नाही. ती हंगामी असते. वर्षभर मी बरी असते. मग कार्तिकात रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या दिसतात, विजेच्या तारेला एखादं पांढरं तूस अडकलेलं असतं, किंवा कुठल्या तरी नव्या पोराचा संगणक तयार करताना माझ्याच तोंडून निघतं, "शेवटची ओळ वाच," आणि मी मधेच थांबते.

गेल्या दिवाळीत मी ठरवून गेले. वहिनी वावरात वेचत होती, मीही ओटी बांधून तिच्या शेजारच्या ओळीचं तास धरलं. मला आता वेग राहिला नव्हता. बोंडाची टोकं बोटांना लागत होती. ती पुढे जायची आणि माझ्यासाठी थांबायची. एकदा थांबली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, त्या लॅपटॉपमंधी कंपनीचं काही नव्हतं."

ती वेचत राहिली. "माहीत हाय ना ताई. त्याच्यात काय काय हाय ते म्याच टाकलं होतं."

इतकं साधं होतं ते. चार वर्षं मी समजत होते की माझं खोटं निदान पचलं आहे. ते गच्चीवर, बोलता क्षणीच तिला कळलं होतं.

"मंग काहून नाही बोलली?"

"काय बोलू? तुमाले तोंडावर खोटं पाडलं असतं, तं मले त्या घरात राहाचं होतं ना." तिनं बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मी तुला नवा लॅपटॉप घेऊन देते. तू परत सुरू कर. ती जरा हसली. "आता पोरीची शाळा पाह्यची का ते? मले काही घेऊन देऊ नका." मग हात थांबवून, पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "द्याचंच असन तं एक करा. तुमच्या दादाले सांगा. ते अजूनही मनतात, नीलूनं एकटीनं केलं."

"सांगते," मी म्हणाले.

मी चार दिवस होते. दादा रोज जेवायला समोर होता. मी सांगितलं नाही. भाऊबीजेला ओवाळताना सांगायचं ठरवलं, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. निघताना त्यानं मला बसस्टँडवर सोडलं, बॅग वर चढवली, खिडकीशी उभा राहिला. बस सुटेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. वहिनीनं नंतर कधी विचारलंही नाही की सांगितलं का. ती मला ओळखून होती.

परवा आईचा फोन ठेवल्यावर मी नव्या लॅपटॉपमध्ये पहिली वस्तू टाकली, ती चालते का पाहिलं. चालली. दुसरीकडे हात जाईना. मी दादाला फोन लावला.

तो वावरात होता. वाऱ्याचा आवाज येत होता. "बोल नीलू," तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. लॅपटॉप कुणी तयार केला ते, आणि रविवारी मी तो का दिला नाही ते. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे गेलेच नसते.

मला वाटलं फोन तुटला.

"दादा?"

"हाय मी." तो म्हणाला. "त्या दिवशी नेरवरून येतानी मी तिले बोललो होतो नीलू. गाडीवर. मी मनलो, नीलूनं एकटीनं अख्खं कंप्युटर उभं केलं, कोणाले विचारलं नाही, आन् तुले एक परीक्षा देता येत नाही. झेपत नसन तं नाद कायले करतं."

मला हे माहीत नव्हतं.

"ती काहीच नाही बोलली," दादा म्हणाला. "मांगं बसून होती. मले वाटलं, तिले पटलं."

मी रडत होते, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही. मला समजूत घालून घ्यायचा अधिकार नव्हता. माझ्या दोन खोट्यांपैकी पहिलं तिनं माझ्या तोंडून ऐकलं होतं. तेच तिला नवऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकावं लागलं, जेव्हा दुसऱ्या खोट्यानं तिची परीक्षा नुकतीच घालवली होती. आणि तो मात्र खरं समजून बोलला होता.

"कोठी हाय वहिनी?" मी विचारलं.

"तिकडं, धुऱ्याच्या बाजूनं. वेचून राह्यली." तो थांबला. "तू सांग, आता मी तिच्यासंग काय बोलू?"

त्यानं फोन बंद केला नाही. पऱ्हाटी अंगाला घासल्याचा आवाज येत राहिला. तो ओळीतून तिच्याकडे चालत निघाला होता.